फवारणीआधी एकदा नीळ मारून बघा

थंडी पडली की गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरीच्या मोरडांवर काजूला नवी पालवी फुटते, मोहोर येतो, आणि पाठोपाठ ढेकण्या (रस शोषणारा टी-मॉस्किटो कीटक) येतो. कोवळ्या फुटीवर आधी काळे ठिपके दिसतात, मग ठिपके जुळून अख्खा मोहोर करपतो. मग माळ्यावरचा पाठपंप खाली उतरतो. लिटरला किती मिलि टाकायचं हे दुकानदार सांगतो. फवारणाऱ्याच्या अंगावर त्यातलं किती पडतं, नेमकं कुठे पडतं आणि तिथून किती आत जातं, हे मात्र कोणी सांगत नाही. खरं तर ते घरच्या घरी पाहता येतं. कपड्यांची पातळ नीळ, एक जुना पांढरा सदरा-लेंगा आणि एक सकाळ एवढंच लागतं.

विष शिरतं कातडीतून

फवारताना बहुतेक जण नाकाला रुमाल बांधतात आणि बाकी अंग उघडं ठेवतात. अर्धी बाही, गुडघ्यापर्यंत वर खोचलेली लुंगी, पायांत रबरी चपला. वास येतो म्हणून धोका नाकाकडून, असा समज. विल्यम डरहॅम आणि होमर वोल्फ यांनी १९६२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत शेतकामगारांच्या अंगावर पडणारं कीटकनाशक मोजायची पद्धत मांडली. कपड्यांवर ठरावीक मापाच्या पट्ट्या लावायच्या, काम झाल्यावर त्या काढून त्यांत किती विष उतरलं ते तपासायचं. उघड्या रानातल्या फवारणीत श्वासातून जाणारा वाटा कातडीवर पडणाऱ्या वाट्याच्या तुलनेत अगदी किरकोळ निघतो. बंद खोलीतली धुरी आणि भुकटीची धूळ यांचा हिशेब वेगळा, तिथे श्वास मोठा ठरतो.

कातडी सगळीकडे सारखी नसते. कॅलिफोर्नियात हॉवर्ड मायबाख आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये स्वयंसेवकांच्या अंगावर वेगवेगळ्या ठिकाणी पॅराथिऑन या कीटकनाशकाची अगदी सूक्ष्म मात्रा लावून ती शरीरात किती शोषली जाते ते मोजलं. कोपराखालच्या हातातून सुमारे ९ टक्के आत गेलं. तळहातातून १२, पोटातून १८, हाताच्या पाठीकडून २१, डोक्याच्या कातडीतून ३२, कपाळातून ३६, काखेतून ६४ टक्के. आणि अंडकोशाच्या कातडीतून जवळजवळ सगळंच. प्रत्येक रसायनाचे आकडे वेगळे असतात, पण शरीराचा हा नकाशा साधारण असाच राहतो. लान्सवरून (पंपाच्या फवारदांडीवरून) ओघळलेल्या पाण्याने भिजलेल्या हाताने कपाळाचा घाम पुसणं आणि मांड्यांशी भिजलेल्या लुंगीत दुपारपर्यंत काम करणं, या दोन सवयी किती महाग पडतात ते या आकड्यांवरून कळतं.

नीळ कशी मारायची

पंप साबणाच्या पाण्याने तीनदा धुऊन घ्या. १६ लिटरच्या पंपात १० लिटर साधं पाणी भरून त्यात सुमारे १०० मिलि पातळ नीळ घाला. पुडीतली नीळ वापरू नका, तिची भुकटी पाण्यात नीट विरघळत नाही आणि नोझल चोंदतं. पांढऱ्या फडक्यावर एक थेंब टाकून बघा. वाळल्यावर डाग हातभर अंतरावरून दिसला पाहिजे. दिसत नसेल तर आणखी नीळ घाला. फिक्या निळीने केलेली चाचणी कोराच सदरा दाखवते आणि माणूस उगाच निर्धास्त होतो.

जुन्या धुवट धोतराचे १० सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन कापा. टोपीवर कपाळाच्या जागी एक, छातीवर एक, दोन्ही दंडांवर, दोन्ही मनगटांवर, दोन्ही मांड्यांवर, दोन्ही नडग्यांवर एकेक, पाठीवर पंपाच्या खालच्या कडेला एक आणि मानेखाली एक, असे टाचणीने लावा. आणखी दोन सदऱ्याच्या आत लावा, एक छातीला आणि एक कंबरेला. आतला चौकोन निळा झाला तर कापड भिजून पाणी अंगापर्यंत पोचलं, असं समजा.

आता नेहमीच्याच उंचीच्या झाडावर, नेहमीच्याच चालीने, अर्धा तास फवारा. पाहणारे आहेत म्हणून जपून फवारलंत तर चाचणी फुकट गेली. मधे एकदा नोझल काढून साफ करा आणि एकदा पंप भरा, कारण खरी सांडलवंड याच वेळी होते. मग कपडे काढून सावलीत दोरीवर टांगा.

उंच काजूवर लान्स वर धरून फवारताना टोपी, खांदे आणि मनगटं रंगतात. मनगटावर ठिपके न दिसता कोपराकडे जाणारी निळी रेघ दिसली तर पाणी लान्सवरून बाहीत ओघळतंय. वांगी-मिरचीच्या वाफ्यात फवारताना मांड्या आणि नडग्या रंगतात, कारण पुढे मारलेल्या ओल्या पानांतूनच माणूस चालतो. पाठीवर कंबरेशी मोठा ओला पट्टा दिसला तर झाकणाचा वायसर गेलेला आहे. यात फवारणाऱ्याची चूक नाही, पण रोज सर्वाधिक विष तिथूनच जात असेल.

आकडा हवा असेल तर तोही काढता येतो. सुई नसलेल्या सिरिंजने तेच निळं पाणी तशाच चौकोनांवर ०.१, ०.५ आणि १ मिलि असं टाकून, बोटाने पसरून वाळवा. आता मांडीवरचा चौकोन यांतल्या कोणाशी जुळतो ते बघा. दोन्ही मांड्यांची कातडी मिळून सुमारे ३,८०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे असे ३८ चौकोन. चौकोनावर ०.५ मिलि पडलं असेल तर अर्ध्या तासात मांड्यांवर साधारण १९ मिलि द्रावण आलं. दिवसभराचं किती, तो गुणाकार तुमचा तुम्ही करा.

बाटली उघडतानाचा एक थेंब

निळीची चाचणी एक गोष्ट दाखवत नाही, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची आहे. ढेकण्यासाठी लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ५ टक्के ई.सी. (द्रावकात विरघळवलेलं, पाण्यात मिसळायचं औषध) लिटरला ०.६ मिलि वापरतात. म्हणजे बाटलीतलं औषध पंपातल्या द्रावणापेक्षा सुमारे १,६६७ पट तीव्र. बोटावर सांडलेला बाटलीतला एक थेंब, ०.०५ मिलि धरला तर, तयार द्रावणाच्या ८३ मिलिएवढा भरतो. वर काढलेले मांड्यांवरचे १९ मिलि त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी आहेत. तासभर काळजीपूर्वक फवारून वाचवलेलं सगळं दोन मिनिटांच्या मिसळण्यात घालवता येतं. हातमोजे घालायला एकच वेळ परवडत असेल तर ती ही.

मोजे नायट्राइलचे (एक कृत्रिम रबर), मनगटाच्या वर चार बोटं पोचणारे, निदान ०.३५ मिलिमीटर जाडीचे आणि आतून कापडी अस्तर नसलेले घ्या. दवाखान्यातले पातळ मोजे लगेच फाटतात. सुती मोजे तर नकोच, ते विष शोषून हाताशी धरून ठेवतात. मोजा घालण्याआधी त्यात पाणी भरून पिळा, बारीक भोक असेल तर धार दिसते. काढताना आधी घातलेल्या हातांनीच साबणाने धुवा, मग काढा.

मिसळताना बाटली कंबरेच्या खाली धरा. डोळ्यांपाशी आणून माप बघू नका, मापाचं भांडं सपाट दगडावर ठेवून खाली वाका. झाकणाने मापू नका. १६ लिटरला ९.६ मिलि लागतं, ते १० मिलिच्या सिरिंजने नेमकं येतं. ही सिरिंज लाल रंगाने रंगवून याच कामाला ठेवा. आधी पंपात अर्धं पाणी, मग औषध, मग उरलेलं पाणी. औषध आधी ओतून वर नळीची धार सोडली की फेस उसळून तोंडावर येतो. पंप गळ्यापर्यंत भरू नका, वाकलं की झाकणातून पाठीवर येतं. बाटली रिकामी झाली की पाव भाग पाणी घालून अर्धा मिनिट हलवा आणि ते पाणी पंपातच ओता. असं तीनदा. मग तळाला भोक पाडा. धुतली तरी तिच्यात खोबरेल, रॉकेल किंवा काजूची नीरो (बोंडाचा रस) कधीच भरू नका.

बाटलीवरचा चौकटीतला त्रिकोण बघायची सवय लावा. लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीवर मारायला २००५ पासूनच बंदी होती आणि २०२३ च्या आदेशाने त्याचं नेहमीचं ३६ टक्क्यांचं द्रवरूप औषध बंदच झालं. कोणाच्या माळ्यावर जुनी बाटली असेल तर ती संपवून टाकायच्या नादाला लागू नका, विभागीय कृषी कार्यालयात विचारा.

पंप, कपडे, वारा

हंगामाआधी पंपात साधं पाणी भरून दाब द्या आणि सुक्या वर्तमानपत्रावर पाच मिनिटं ठेवा. झाकण, नळीचे जोड, ट्रिगर आणि लान्सची मूठ यांतलं जे गळतं त्याखालचा कागद ओला होतो. वायसर दहा-वीस रुपयांना मिळतात, खिशात दोन असू द्या. लान्सवर मुठीच्या पुढे वितीवर फडक्याची किंवा रबराची चकती घट्ट बांधा, म्हणजे ओघळ हातापर्यंत न येता तिथूनच गळतो. नोझल चोंदलं तर जुन्या दातांच्या ब्रशने साफ करा. तोंडाने फुंकायचं नाही, ही सवय अजून सगळीकडे दिसते आणि ओठ-जीभ म्हणजे विषाला उघडं दार.

कपडे कोणते हे निळीने तुम्हाला सांगितलंच आहे. आपल्याकडे फेब्रुवारीच्या उन्हात अंगभर रेनकोट घालून डोंगर चढणं शक्य नाही, आणि त्यात उष्माघात व्हायचा. जाड सुती पूर्ण बाहीचा सदरा आणि पायघोळ पँट घाला, आणि जिथे नीळ पडली तिथेच प्लास्टिक वाढवा. पाठीला पंपाखाली खताच्या गोणीतला प्लास्टिकचा कागद, वाफ्यात फवारणाऱ्याच्या मांड्यांपुढे प्लास्टिकचा अॅप्रन, वर फवारणाऱ्याच्या डोक्याला रुंद काठाची प्लास्टिकची टोपी आणि तोंडापुढे पारदर्शक ढाल. वर फवारत असाल तर मोज्याची कड बाहीच्या बाहेर ठेवून उलटी दुमडा, खाली फवारत असाल तर बाही मोज्यावर. पँट नेहमी गमबुटाच्या बाहेर, नाहीतर ओघळ बुटात साचून पाय त्यातच मुरतो. ओला झालेला रुमाल तोंडाला लावून फिरणं रुमाल न लावण्यापेक्षा वाईट. चामड्याचा पट्टा आणि घड्याळाचा चामडी बंद घरी ठेवा, चामड्यात शिरलेलं विष धुऊन निघत नाही.

किनाऱ्यालगतच्या आपल्या भागात सकाळी वारा मंद असतो आणि दुपार होताना समुद्राकडून जोर धरतो. उजाडल्यापासून नवाच्या आत काम उरका, वारा पाठीशी किंवा कुशीला ठेवून मागे सरकत चला, म्हणजे ओल्या पानांत शिरावं लागत नाही. मोहोर पूर्ण उमललेला असेल तर मधमाश्यांसाठी संध्याकाळ बरी, वारा पडल्यावर.

गोव्यात एक गोष्ट वेगळी आहे. इतर बऱ्याच ठिकाणी काजूचं बोंड टाकून देतात. आपण ते वेचतो, पिळतो, त्याची नीरो, हुर्राक, फेणी करतो आणि मुलं झाडाखालीच खातात. म्हणून शेवटच्या फवारणीपासून वेचणीपर्यंत लेबलवरचा काढणीपूर्व अवधी पुरा सोडा. झाडाखालचं तण मारायला तणनाशक वापरायचंच असेल तर बोंडं पडायला लागायच्या पुष्कळ आधी. पॅराक्वाटला तर उतारा नाही. ते पोटात गेलं की फुप्फुसं आटत जातात, आणि खरचटलेल्या कातडीतूनही आत शिरतं. बोंडू वेचणाऱ्या बायकांच्या घरात ते नसलेलंच बरं, विळ्याने केलेली साफसफाई महाग पडली तरी चालेल.

घरी परतल्यावर

दाराबाहेरच कपडे काढा, आणि पाणी पिण्याआधी, विडी-तंबाखूआधी साबणाने अंघोळ करा. नखं, कानांमागची जागा, काखा, जांघा आणि केस नीट धुवा, मायबाखचा नकाशा आठवून. कपडे त्याच दिवशी, इतर कपड्यांपासून वेगळे, मोजे घालून, विहिरीच्या काठापासून लांब धुवा. आधी साध्या पाण्याने खळबळून ते पाणी ओतून द्या, मग गरम पाणी आणि दुप्पट साबण, आणि वाळायला कडक ऊन. सुती कपड्याला पेजेच्या पाण्याची खळ दिली तर पुढच्या वेळी विष धाग्याऐवजी खळीत बसतं आणि धुताना खळीबरोबर निघून जातं. बाटलीतलं औषध सांडलेला कपडा मात्र धुऊन वापरू नका, तो टाकायचाच. गरोदर बाईने फवारू नये आणि हे कपडेही धुऊ नयेत. कॅलिफोर्नियातल्या सालिनास खोऱ्यात शेतमजूर आयांच्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करताना, गरोदरपणी आईच्या लघवीत ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांचे अंश सर्वाधिक होते त्या गटातल्या मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यंक सर्वांत कमी अंश असलेल्या गटापेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी आढळला. २०११ साली ते प्रसिद्ध झालं.

काजू आणि कीटकनाशक म्हटलं की केरळातलं कासरगोड आठवतंच. तिथल्या काजूच्या मळ्यांवर वीसहून अधिक वर्षं विमानातून एंडोसल्फान मारलं गेलं, २००० सालापर्यंत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेच्या हबीबुल्ला सैयद आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ११७ मुलग्यांची दूरच्या गावातल्या ९० मुलग्यांशी तुलना केली. मळ्यांखालच्या गावातल्या मुलग्यांच्या रक्तात एंडोसल्फान जास्त होतं आणि त्यांचं वयात येणं उशिराने होत होतं. २००३ साली हे छापून आलं, २०११ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने देशात एंडोसल्फान थांबवलं. त्या मुलांनी पंप हातात धरला नव्हता. म्हणून शेजारच्या वाड्यावर वारा वाहत असेल तर पंप खाली ठेवा, आणि आदल्या दिवशी घरोघरी निरोप द्या, विहिरी झाकायला, वाळवणं आत घ्यायला.

रक्ताची तपासणी आणि विषबाधा

रोजंदारीवर महिनाभर फवारणाऱ्याने कोलिनएस्टरेज या रक्तातल्या विकराची (एन्झाइमची) तपासणी करावी. क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, प्रोफेनोफॉस, डायमेथोएट यांसारखी ऑर्गनोफॉस्फेट औषधं शरीरातलं हेच विकर बंद पाडतात. निरोगी माणसांतही त्याची पातळी खूप वेगवेगळी असते, म्हणून एकाच अहवालावर 'नॉर्मल' लिहिलेलं पाहून काही कळत नाही. हंगाम सुरू होण्याआधी, निदान ३० दिवस अशा औषधाचा संबंध आलेला नसताना, काही दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त द्या. त्यांची सरासरी ही तुमची स्वतःची पायरी. प्रयोगशाळा बदलू नका, पद्धत बदलली की आकडे जुळत नाहीत. कॅलिफोर्नियात १९७४ पासून हा नियमच आहे. पातळी स्वतःच्या पायरीच्या ८० टक्क्यांच्या खाली गेली की कामाची पद्धत तपासायची. रक्तद्रवातली ६० टक्क्यांवर किंवा तांबड्या पेशींतली ७० टक्क्यांवर आली की माणसाला फवारणीवरून काढायचं आणि पुन्हा ८० टक्के होईपर्यंत लावायचं नाही. लॅम्डा-सायहॅलोथ्रिन किंवा इमिडाक्लोप्रिड वापरत असाल तर ही तपासणी काहीच सांगत नाही, तिथे पैसे घालवू नका. लॅम्डाने तोंडाला मुंग्या येतात, आग होते. बहुधा दिवसभरात ओसरते, पण ती आली म्हणजे चेहऱ्यावर औषध पडलं.

उन्हात भोवळ आली की 'ऊन लागलं' म्हणून सावलीत निजवून सोडून देतात. फरक बघा. ऊन लागलेल्याचं तोंड कोरडं पडतं, नाडी जलद चालते. ऑर्गनोफॉस्फेट चढलेल्याला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येतं, पोटात कळ येते, उलटी-जुलाब होतात, छाती भरते आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. घाम दोन्हींत येतो, त्यावर जाऊ नका. शंका असेल तर विषबाधाच धरा.

कपडे काढा, स्वतः मोजे घालून. अंग साबणाने भरपूर पाण्यात धुवा, डोळ्यांत गेलं असेल तर निदान १५ मिनिटं पाण्याची धार. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर ठेवा. मिठाचं पाणी पाजून किंवा बोट घालून उलटी करवू नका, ई.सी. औषधातलं द्रावक उलटीबरोबर फुप्फुसात गेलं तर दुसरंच संकट. दूध पाजू नका. १०८ ला फोन करा, आणि वाळपई असो की काणकोण, बाटली लेबलसकट बरोबर द्या. ऑर्गनोफॉस्फेटला अॅट्रोपिन लागतं, पॅराक्वाटमध्ये सुरुवातीला दिलेला प्राणवायू उलट हानी वाढवतो, त्यामुळे डॉक्टरांना नाव कळणं म्हणजे अर्धा उपचार. लेबल फाटलेलं असेल तर दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा मोफत क्रमांक डॉक्टरही वापरू शकतात. हा क्रमांक आणि १०८, दोन्ही पंपाच्या टाकीवर ऑइलपेंटने लिहून ठेवा.